रक्तगट वेगळा, तरी यकृतदान

विद्यार्थी मित्रांनो, आपल्या छत्रपती संभाजीनगरातील घाटी रुग्णालयाच्या रक्तपेढीत प्रत्येक पिशवीवर रक्तगट लिहिलेला असतो. ए, बी, एबी आणि ओ हे चार मुख्य रक्तगट. कार्ल लँडस्टायनर या शास्त्रज्ञाने १९०१ साली व्हिएन्ना येथे रक्तगटांचा शोध लावला.

उर्दूत आपण ज्याला जिगर म्हणतो, त्याला मराठीत यकृत म्हणतात. यकृत पित्तरस तयार करते आणि रक्तातील विषारी पदार्थ दूर करते. ते पूर्ण निकामी झाले, तर नवे यकृत बसवावे लागते. निरोगी माणसाने आपल्या यकृताचा एक भाग दिला, तर दाता आणि रुग्ण या दोघांच्याही शरीरात ते काही महिन्यांत वाढते. १९९८ साली दिल्लीत एका लहान मुलाला वडिलांच्या यकृताचा भाग यशस्वीपणे बसवण्यात आला.

पण समजा, आजारी भावाचा रक्तगट ओ आहे आणि यकृत द्यायला निघालेल्या बहिणीचा ए. मग काय होईल? ओ गटाच्या रक्तात ए आणि बी या दोन्ही गटांशी लढणारी प्रतिद्रव्ये असतात. आपल्या शहराच्या जुन्या दरवाजांवर जसे पहारेकरी असत, तशीच ही प्रतिद्रव्ये. बहिणीचे यकृत त्यांना परके वाटते. ती त्यातील रक्तवाहिन्यांवर आणि पित्तनलिकांवर हल्ला करतात. म्हणून पूर्वी डॉक्टर असे रोपण टाळत.

जपानमध्ये मृत्यूनंतरचे अवयवदान फार कमी होते. त्यामुळे तेथील डॉक्टरांनी या अडचणीवर खूप संशोधन केले. शस्त्रक्रियेच्या काही आठवडे आधी रुग्णाला औषध देतात. त्यामुळे नवी प्रतिद्रव्ये तयार होणे कमी होते. मग यंत्राच्या साहाय्याने रक्तातील जुनी प्रतिद्रव्ये काढतात. रक्त वारंवार तपासतात. प्रतिद्रव्ये पुरेशी कमी झाली, की मगच शस्त्रक्रिया करतात.

आज मुंबई-पुण्यातही अशी शस्त्रक्रिया होते. मात्र औषधांमुळे रुग्णाची प्रतिकारशक्ती घटते, म्हणून त्याला संसर्गापासून जपावे लागते. दात्यालाही थोडा धोका असतोच. म्हणून दान स्वखुशीचे हवे. १९९४ च्या कायद्याने अवयवांची खरेदी-विक्री हा गुन्हा ठरवला आहे.

मित्रांनो, रक्ताच्या पिशवीवर गट लिहिलेला असतो. जात किंवा धर्म नव्हे. आता तर गटाचा अडथळाही ओलांडता येतो. गरज असते ती देणाऱ्या मनाची.

शब्दार्थ : निकामी – काम न करणारे, रोपण – बसवणे, प्रतिद्रव्ये – परक्या पदार्थांशी लढणारे रक्तातील घटक, स्वखुशीने – स्वतःच्या इच्छेने.

स्वाध्याय : (१) प्रतिद्रव्यांना पहारेकरी का म्हटले आहे? (२) घरातील प्रत्येकाचा रक्तगट विचारून वहीत लिहा.