घरच्या रुग्णाची बिनतारी शुश्रूषा

बिनतारी संदेश म्हटला कीं आपणांस खिशांतला फोन आठवतो. परंतु हीच विद्या घरीं निजलेल्या रुग्णाचें वर्तमान दूरच्या डॉक्टरांस कळवूं शकते, ही कल्पना नवी नाहीं. 1929 सालीं ऑस्ट्रेलियांत आल्फ्रेड ट्रेगर यांनीं पायानें फिरवावयाचा बिनतारी संच सिद्ध केला, आणि ओसाड मुलखांतील कुटुंबांना विमानानें येणाऱ्या डॉक्टरांस हांक मारतां येऊं लागली. पुढें अमेरिकेंत नॉर्मन होल्टर यांनीं हिंडत्याफिरत्या माणसाच्या हृदयाचा आलेख बिनतारीनें पाठविला. त्यासाठीं सुमारें 38 किलोंचें यंत्र पाठीवर वाहावें लागे. आज तेंच काम छातीवर चिकटविलेली लहानशी पट्टी करते.

या सोयीची खरी गरज कोठें आहे? आमची दृष्टि पालघर जिल्ह्यांतील जव्हार-मोखाड्याच्या डोंगरांकडे, साखरशेतसारख्या गांवांकडे वळते. शहरांत रुग्ण घरीं राहतो तो सोयीसाठीं. दूरच्या पाड्यावर तो पुष्कळदां वाटेच्या अभावीं राहतो. जव्हारला पतंगशाह कुटीर रुग्णालय आहे. परंतु तेथवर पोहोंचावें कसें? 2022 च्या ऑगस्टांत मोखाडा तालुक्यांत घरींच जन्मलेलीं जुळीं अर्भकें दगावलीं, आणि त्यांच्या मातेला झोळींत घालून चिखलांतून न्यावें लागलें.

अशा ठिकाणीं बोटाला लावावयाचें प्राणवायुमापक यंत्र फार उपयोगी. तें तांबडा व अवरक्त असे दोन प्रकाश बोटांतून पार करून रक्तांतील प्राणवायूचें प्रमाण अजमावतें. निरोगी माणसांत हा आंकडा बहुधा 95 ते 100 असतो. ब्लूटूथ असलेलें यंत्र तो आंकडा आशाताईंच्या फोनवर उतरवितें, आणि 2019 पासून सुरू असलेल्या ई-संजीवनी सेवेनें डॉक्टरांचा सल्ला दुरूनही मिळूं शकतो. मात्र बोटें गार असलीं, नखांवर रंग असला, तर आंकडा फसवितो. सांवळ्या कातडीवर तो कधीं वास्तविकाहून अधिकही दिसतो. म्हणून रुग्णाला धाप लागली असतां आंकड्यावर विसंबून स्वस्थ बसूं नये.

बिनतारी निरोप पोहोंचवील, रुग्णास नव्हे. साखरशेतच्या परिसरांत काय किंवा मुलें परदेशीं गेलेल्या आपल्या घरांत काय, यंत्र घेण्यापूर्वीं तीन गोष्टी ठरवाव्या: आंकडा कोण वाचणार, तो बिघडल्यास कोणास कळविणार, आणि रात्रीं-बेरात्रीं उठून कोण येणार. तिसरें उत्तर मिळेना तर पैका आधीं वाहनावर व वाटेवर खर्चावा, असें आमचें मत आहे.