निरोप येण्याचा, निरोप घेण्याचा

खोल जखम भरली तरी कातडीवर व्रण राहतो. हृदयाच्या स्नायूचा तुकडा मेला तर त्या जागी तंतूंचं ठिगळ लागतं. हाड मात्र मोडल्या जागी पुन्हा हाडच तयार करतं, आणि तेही इतकं बेमालूम की काही वर्षांनी एक्स-रे पाहूनही ते नेमकं कुठे मोडलं होतं हे सांगणं अवघड जावं. प्लास्टर किंवा सळई हाड जुळवत नाही, जागेवर धरून ठेवते. जुळवणाऱ्या असतात पेशी, आणि त्यांना कामाला लावतात प्रथिनांचे सूक्ष्म निरोप. हे निरोप ओळखू आले तेव्हा वैद्यकाला वाटलं, त्यांतला मुख्य निरोप कारखान्यात बनवून फ्रॅक्चरवर ठेवला की झालं. मराठीत ‘निरोप’ येतो आणि ‘निरोप’ घेतलाही जातो. हाडाच्या बाबतीत दोन्ही अर्थ लागू पडतात. संकेत-रेणू किती आला, यापेक्षा तो कधी आला, कुठे थांबला आणि काम संपल्यावर गेला का, यावर जुळणी ठरते, असं माझं म्हणणं आहे.

१९६५ साली लॉस एंजेलिसचे अस्थिशल्यविशारद मार्शल युरिस्ट यांनी हाडाचे तुकडे आम्लात ठेवून त्यांतले क्षार काढून टाकले आणि उरलेला मऊ सांगाडा प्राण्यांच्या स्नायूत बसवला. स्नायूत हाडाचं काही काम नसतं, तरी तिथे नवं हाड उगवलं. म्हणजे त्या सांगाड्यात पेशींना हुकूम देणारं काहीतरी होतं. १९७१ साली त्याला नाव मिळालं, बोन मॉर्फोजेनेटिक प्रोटीन, थोडक्यात बीएमपी. १९७२मध्ये शिकागोत मूळचे भारतीय असलेले ए. हरी रेड्डी आणि नोबेलविजेते चार्ल्स हगिन्स यांनी उंदरांच्या कातडीखाली अशाच क्षार काढलेल्या हाडाचं चूर्ण पुरून पुढे काय होतं ते टप्प्याटप्प्याने पाहिलं. पाचव्या ते सातव्या दिवशी कूर्चा, मग रक्तवाहिन्या, दहाव्या-बाराव्या दिवसापर्यंत हाड, तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीस मज्जा. माझ्या मते या सगळ्या इतिहासातलं हे सर्वांत बोलकं निरीक्षण आहे, कारण हाड एका झटक्यात होत नाही, त्याला क्रम असतो, हे त्यात उघड दिसतं. पण सगळ्यांचं लक्ष लागलं ते रेणूकडे. १९८८मध्ये बीएमपींची जनुकं हाती आली आणि प्रथिन हवं तितकं बनवणं शक्य झालं. (त्या यादीतला पहिला, बीएमपी-१, प्रत्यक्षात संकेत-रेणू नसून एक विकर निघाला. नाव मात्र तसंच राहिलं.)

खऱ्या फ्रॅक्चरमध्ये हाच क्रम चालतो, फक्त सुरुवात रक्ताच्या गुठळीपासून होते. बिंबाणूंमधून वाढीचे घटक सुटतात. पाठोपाठ दाहाचे संकेत येतात, आणि त्यांतला टीएनएफ-अल्फा उंदरांमध्ये पहिल्या चोवीस तासांत शिखर गाठून तीन दिवसांत ओसरतो. सूज म्हणजे निव्वळ उपद्रव, ही समजूत इथे टिकत नाही. टीएनएफचा निरोप टिपणारी ग्राहक-प्रथिनं नसलेल्या उंदरांचं हाड उशिरा जुळतं. पण हाच टीएनएफ रेंगाळला, जसा तो दीर्घकालीन दाहात रेंगाळतो, तर हाडाचा ऱ्हास होतो. पुढे मोडल्या जागी धरलेल्या गाठीतली, म्हणजे कॅलसमधली, कूर्चा काढून टाकायची वेळ आली की तो पुन्हा वाढतो. रेणू तोच, पण वेळ बदलली की काम बदलतं. बीएमपीचं वागणं तर आणखी विलक्षण. ज्या पेशींना तो जागं करतो त्याच पेशी नॉगिन नावाचं प्रथिन तयार करून त्याला अडवतात. हुकूम देतानाच तो मागे घेण्याची तजवीज झालेली असते.

आता औषधाकडे येऊ. त्वचा फाटून उघड्या पडलेल्या नडगीच्या ४५० फ्रॅक्चर-रुग्णांवरचा एक अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. बीएमपी-२मध्ये भिजवलेला कोलॅजनचा स्पंज ठेवला तेव्हा, जास्त मात्रेच्या गटात, पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागण्याचा धोका ४४ टक्क्यांनी घटला. माझ्या म्हणण्याविरुद्धचा हा सर्वांत भक्कम पुरावा आहे आणि तो टाळून चालणार नाही. पण २०११च्या अभ्यासात अशाच जखमांमध्ये हाडाची पोकळी कोरून सळई घातली गेली, तेव्हा बीएमपीने जुळणीला लक्षणीय वेग दिला नाही. माझा तर्क असा की कोरताना निघालेला हाडाचा आणि मज्जेचा चुरा स्वतःच निरोप घेऊन येतो, मग बाहेरच्या निरोपाला फारसं काम उरत नाही. शिवाय मात्रा पाहा. शरीराचा व्यवहार नॅनोग्रॅममध्ये चालतो, तर स्पंजमध्ये मिलिग्रॅम असतात, आणि एक मिलिग्रॅम म्हणजे दहा लाख नॅनोग्रॅम. मणक्यांच्या शस्त्रक्रियांत त्याचे परिणाम दिसले. २००८मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाने मानेतल्या वापरानंतर येणाऱ्या जीवघेण्या सुजेचा इशारा दिला. उत्पादक कंपनीच्या अर्थसाहाय्याने झालेल्या अभ्यासांत ७८० रुग्णांमध्ये बीएमपीचा एकही दुष्परिणाम नोंदलेला नव्हता. २०११च्या फेरतपासणीने तो दावा उधळून लावला.

यावर दोन आक्षेप येतात. अनुभवी शल्यविशारद म्हणतील, हाड नीट धरलं, रक्तपुरवठा राखला आणि जंतू आवरले की बाकी आपोआप होतं. रेणूंचं कौतुक कशाला? पण ‘आपोआप’ या शब्दात उत्तर दडलेलं नाही. २००६मध्ये पायांत बीएमपी-२ नसलेले उंदीर तयार केले गेले. त्यांचा सांगाडा घडला, पण हाडं आपसूक मोडू लागली आणि जुळणीची पहिली पायरीच अडली. दुसरे बीएमपी शाबूत असूनही. दुसरा आक्षेप असा की मग बीएमपी जितका जास्त तितकं बरं, अडचण फक्त स्पंजची. त्याला उत्तर एक दुर्मीळ आजार देतो. २००६मध्येच फिलाडेल्फियाच्या संशोधकांनी दाखवलं की एफओपी या व्याधीत बीएमपीच्या ग्राहकाच्या एसीव्हीआर-१ या जनुकात एक अक्षर बदललेलं असतं. निरोप येऊन थांबला, पण गेलाच नाही, अशी ती अवस्था. साध्या मुक्या मारानंतरही स्नायूंचं हाड बनत जातं आणि माणूस हळूहळू स्वतःच्याच सांगाड्यात अडकतो. इथे स्पंजचा संबंधच नाही.

आणि हाड धरण्याची यांत्रिक बाजू व निरोपांची रासायनिक बाजू वेगळ्या नाहीत, हे सायबेरियातल्या कुर्गानमध्ये गाव्रील इलिझारोव यांनी बीएमपीचं नावही ठाऊक नसताना करून दाखवलं होतं. हाड कापायचं, बाहेर धातूची वर्तुळं आणि तारा लावायच्या, काही दिवस थांबायचं, मग दिवसाला एक मिलिमीटर, तोही पाव-पाव मिलिमीटर चार वेळा, हाडाची टोकं दूर करत जायची. मधल्या फटीत नवं हाड तयार होतं. उंदरांवर हाच प्रयोग करून तपासलं तेव्हा दिसलं की ताण चालू असेतो फटीतल्या पेशींमध्ये बीएमपी-२ आणि बीएमपी-४ चढे राहतात, आणि ताणणं थांबवलं की उतरतात.