सोयाबीनच्या पिवळेपणावर जनुकांचा नकाशा

भारतात जीनोम-संपादित वाणांची घोषणा 4 मे 2025 रोजी झाली, ती भाताची. वर्ध्याच्या शेतकऱ्याला उत्तर हवे आहे ते सोयाबीनचे. 2023 च्या सप्टेंबरमध्ये, ऐन शेंगा भरताना, शिवारेच्या शिवारे पिवळी पडली. कुठे पिवळा मोझॅक, कुठे मूळकूज, कुठे दोन्ही.

मोझॅकचा विषाणू पांढरी माशी पसरवते. माशीवर फवारणी करता येते; विषाणू एकदा झाडात शिरला की त्यावर औषध नाही. प्रतिकार झाडाच्या अंगातच असावा लागतो. लुधियानाच्या एसएल 525 मध्ये तो आहे. विदर्भाने वर्षानुवर्षे पेरलेल्या, जबलपूरहून आलेल्या ‘तीनशे पस्तीस’मध्ये, म्हणजे जेएस 335 मध्ये, तो नाही.

सोयाबीनचा जीनोम, म्हणजे संपूर्ण जनुकीय आराखडा, 2010 मध्ये प्रसिद्ध झाला: 20 गुणसूत्रे, डीएनएची सुमारे 110 कोटी अक्षरे. पुढे इंदूरच्या सोयाबीन संशोधकांनी मोझॅक-प्रतिकाराची जागा 6 व्या गुणसूत्रावर शोधली. पूर्वी 335 आणि प्रतिकारक वाण यांच्या संकराची रोपे लावून रोग येण्याची वाट पाहावी लागे. माशी आलीच नाही, तर वर्ष वाया. आता कोवळ्या पानाच्या तुकड्यातून प्रतिकाराची खूण तपासता येते. निवडलेल्या रोपांचा पुन्हा पुन्हा 335 शी संकर केला की जवळपास 335 च हाती येते, प्रतिकारासह. दुसऱ्या जीवाचे जनुक यात घालावे लागत नाही, हे ठासून सांगायला हवे. ‘जीएम’च्या भीतीपायी चांगले वाण अडू नये.

मूळकूज मात्र इतकी सोपी नाही. तिची बुरशी मातीत टिकते, शेकडो प्रकारच्या वनस्पतींवर जगते, आणि प्रतिकार अनेक जनुकांत विखुरलेला असतो. तिथे असंख्य खुणांची एकत्र पारख करावी लागते, आणि त्या पारखीला शेतातल्या नोंदींचा आधार लागतो. या नोंदी वर्ध्याच्या काळ्या मातीत, शेतकऱ्यांच्या बांधावर व्हायला हव्यात.

ही मेहनत शेतकऱ्याच्याच कामी येईल, कारण सोयाबीन स्वपरागित आहे. कपाशीच्या संकरित बियाण्यासाठी दरवर्षी दुकान गाठावे लागते. सोयाबीनचे चांगले वाण गावात एकदा आले की घरचे बियाणे पुढचे दोन-तीन हंगाम चालते. त्यासाठी मळणीत दाण्याचे नाजूक साल फुटू द्यायचे नाही, आणि पेरणीआधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून किमान सत्तर उगवतात का, ते पाहायचे.