एका गुणाचे मोल

ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या मैदानावर दोन्ही टोकांना चार-चार खांब असतात. पायाने टोलवलेला चेंडू मधल्या दोन उंच खांबांमधून गेला, की गोल होऊन 6 गुण मिळतात. कडेच्या आखूड खांबाच्या आत गेला, तर तो 'बिहाइंड' होय व त्याचा अवघा 1 गुण. नेम चुकला तरी पदरात काही पडावे, ही या खेळाची उदारता. 1897 मध्ये व्हिक्टोरियन फुटबॉल लीगचे सामने सुरू झाले तेव्हापासून ही पद्धत आहे.

सेंट किल्डा संघाचे दैव मात्र या एका गुणाशीच जखडलेले दिसते. 1899 मध्ये जिलाँगच्या 162 गुणांपुढे त्याला संपूर्ण सामन्यात मिळाला तो एकच बिहाइंड. लीगच्या इतिहासात याहून कमी गुण कोणी केलेले नाहीत. ओळीने 48 पराभव सोसल्यावर 1900 मध्ये मेलबर्न संघाशी त्याची बरोबरी झाली. परंतु मेलबर्नचा एक बिहाइंड सत्र संपल्याच्या घंटेनंतरचा होता, ही तक्रार मान्य झाली आणि पहिला विजय त्याच्या नावे लागला.

1966 च्या अंतिम सामन्यात कॉलिंगवुडशी गुण समान असताना बॅरी ब्रीन याने मारलेला चेंडू वेडावाकडा उसळत बिहाइंडमध्ये गेला. 74 विरुद्ध 73. सेंट किल्डाचे ते पहिले अजिंक्यपद. 2010 मध्ये हेच संघ अंतिम सामन्यात 68 गुणांवर बरोबरीत राहिले. फेरसामना सेंट किल्डाने 56 गुणांनी गमावला. तेथे एखाद्या बिहाइंडने काही साधण्याजोगे नव्हते.