घोडनदीकांठचा काळा कातळ

पुण्याहून नगररस्त्यानें निघालेला प्रवासी वाघोली, शिक्रापूर, रांजणगांव मागें टाकून शिरूरजवळ घोडनदीच्या पुलावर येतो, तेव्हां त्याला दोहों बाजूंस उघडें माळरान दिसतें. पाऊस बेताचा, वर्षाकाठीं वीस इंचांच्या आसपास. येथून सरळ रेषेंत साठ-पासष्ट मैलांवर असलेल्या लोणावळ्यास दीडशे इंचांहून अधिक पाऊस कोसळतो, आणि त्याच ढगांची उरलीसुरली शिंतोड शिरूर-दौंडच्या वांट्यास येते. टेकड्या सपाट माथ्याच्या, उतार पायऱ्यापायऱ्यांचे. आणि कोठेंहि विहीर खणूं लागलें तरी मातीखालीं मुरूम व मुरुमाखालीं काळा कातळ. अशा या रुक्ष मुलखांत ज्वालामुखीचें नांव काढलें, तर ऐकणारा हंसेल. ज्वालामुखी म्हणजे शंकूच्या आकाराचा डोंगर, त्याच्या माथ्यावर कढई आणि तींतून निघणारा धूर, असें चित्र भूगोलाच्या पुस्तकानें लहानपणींच मनावर ठसविलेलें असतें. तसें येथें कांहींच नाहीं. तरीहि शिरूर व दौंड हे दोन्ही तालुके ज्वालामुखीच्या थिजलेल्या रसावरच उभे आहेत.

मग तो डोंगर गेला कोठें? झिजून गेला काय? वाळवंटांतील झिजलेला ज्वालामुखी कसा दिसतो याचा नमुना अमेरिकेच्या न्यू मेक्सिको प्रांतांत आहे. शिप रॉक या नांवाचा एक उभा सुळका तेथें सपाट मैदानांतून सुमारें दीड हजार फूट वर आलेला आहे. ज्वालामुखीचें बाहेरील अंग वाऱ्यापावसानें झडून गेलें, आणि नळींत घट्ट झालेला खडक तेवढा मागें राहिला. आपल्याकडेहि मूळचा डोंगर असता, तर अशी एखादी खूण कोठें तरी राहिली असती. परंतु येथें डोंगर झिजून नाहींसा झाला नाहीं; तसा डोंगर मुळांत नव्हताच. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्या भेगांतून शिलारस पुराच्या पाण्यासारखा पसरत गेला.

हें कल्पनेंत आणावयाचें तर १७८३ सालीं आइसलंड बेटांत काय घडलें तें पाहावें. लाकी नांवाच्या ठिकाणीं सोळा-सतरा मैल लांबीची भेग उघडली, तिच्यावर शंभराहून अधिक लहान लहान मुखें तयार झालीं, आणि आठ महिने रस वाहत राहून सुमारें सव्वादोनशें चौरस मैल प्रदेश त्याखालीं गेला. त्यांतून निघालेल्या विषारी वायूंनीं गुरें मेलीं, दुष्काळ पडला आणि त्या बेटाची जवळजवळ पांचवा हिस्सा लोकसंख्या नष्ट झाली. मनुष्यानें आपल्या डोळ्यांनीं पाहिलेल्या अशा उद्रेकांत हा फार मोठा. पण दख्खनच्या उद्रेकापुढें तो म्हणजे चुलीवर उतूं गेलेलें दूध. दख्खनचा रस सुमारें ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीं वाहिला. एकावर एक असे थर चढत गेले, आणि आज झीज होऊन उरलेला प्रदेशहि सुमारें ५ लाख चौरस किलोमीटर भरतो. कांहीं थर तर आंध्रांत राजमहेंद्रीपर्यंत, म्हणजे शेंकडों मैल, वाहत गेले असावेत असें शास्त्रज्ञ मानतात. रस ज्या भेगांतून वर आला, त्यांत थिजलेले भिंतीसारखे उभे खडक कोंकणांत आणि नर्मदा-तापीच्या पट्ट्यांत, धुळें-नंदुरबारकडे, आजहि पाहावयास मिळतात. महाराष्ट्रांतील सर्वांत उंच शिखर कळसूबाई. त्याची ५,४०० फूट उंची या थरांतूनच कोरून निघालेली आहे. टेकड्यांच्या ज्या पायऱ्या दिसतात, त्या याच थरांच्या कडा होत. युरोपियन भूशास्त्रज्ञांनीं या खडकाला ‘ट्रॅप’ म्हटलें, तें स्वीडिश भाषेंतील जिन्याच्या शब्दावरून. एकोणिसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकांत मुंबई सरकारच्या चाकरींत असलेला सायक्स नांवाचा लष्करी अधिकारी दख्खनची आंकडेवारी गोळा करीत हिंडला. त्यानें या पायऱ्यांचें पहिलें शास्त्रीय वर्णन करणाऱ्यांत मानाचें स्थान मिळविलें.

लोणारचें सरोवर हें या ज्वालामुखीचें मुख, अशी समजूत सुशिक्षितांतहि आढळते. ती चूक आहे. लोणारचा खळगा आकाशांतून पडलेल्या अशनीच्या आघातानें, याच काळ्या कातळांत, पुष्कळ मागाहून पडला.

या कातळाखालीं काय आहे, हें कळण्यास दोन दुर्दैवी प्रसंग कारण झाले. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप आणि ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप. त्यानंतर दोन्ही भागांत खोल छिद्रें घेण्यांत आलीं. किल्लारीस सुमारें ११०० फुटांवर काळा खडक संपला. कोयनेच्या बाजूस एका ठिकाणीं तो ३००० फुटांहून अधिक खोल निघाला. दोन्हीकडे त्याखालीं त्याहून कितीतरी जुना ग्रॅनाइटच्या जातीचा खडक लागला. पश्चिमेकडे जाड आणि पूर्वेकडे पातळ होत जाणारी ही थरांची चळत आहे.

आतां या थरांपैकीं एकच थर घेऊन पाहूं. वाहतांना रसांत वायूचे बुडबुडे असतात. ते वर चढतात. म्हणून थराचा माथा शिळ्या भाकरीसारखा छिद्रांचा होतो आणि मधला भाग घट्ट, एकजीव राहतो. थंड होतांना हा घट्ट भाग आक्रसतो व त्याला उभ्या चिरा पडतात. दोन उद्रेकांच्या मध्यें बराच काळ गेला, तर वरचा पृष्ठभाग कुजून गेरूसारखी तांबडी माती होते, आणि पुढच्या थरानें ती भाजून निघते. विहिरी खणणाऱ्यांनीं हे भाग पुस्तकांवांचून ओळखलेले आहेत. मऊ, ठिपक्याठिपक्यांचा तो मांजऱ्या. घट्ट तो काळा पाषाण. आणि मध्येंच लागणारा तो तांबडा पट्टा.

मांजऱ्या खडकावर जे पांढरे ठिपके दिसतात, ती बुडबुड्यांच्या पोकळ्यांत मागाहून साठलेलीं खनिजें होत. जमिनींतील ऊन पाण्यानें खडकांतील द्रव्यें विरघळवून या पोकळ्यांत आणून बसविलीं. त्यांतूनच गारगोट्या, अकीक, कॅल्साइट आणि झिओलाइट नांवाचें खनिजांचें एक मोठें कुटुंब निर्माण झालें. झिओलाइटच्या स्फटिकांत पाणी कोंडलेलें असतें. तापविलें कीं तें उकळल्यासारखें फसफसतें, आणि त्यावरूनच त्यास हें ग्रीक नांव पडलें. पुणें जिल्ह्याचें नांव जगांतील खनिजसंग्रहालयांत गाजतें तें सोन्यारुप्यामुळें नव्हे, या स्फटिकांमुळें. शिरूरच्या वाटेवरील वाघोलीच्या दगडखाणींत कॅव्हनसाइट नांवाचें गडद निळें खनिज मिळतें. तें प्रथम अमेरिकेंतील ओरेगॉन प्रांतांत सांपडलें. परंतु त्याचे उत्तम गुच्छ वाघोलीचेच मानले जातात. खडी फोडणाऱ्याच्या घणाखालीं असे किती गुच्छ चुरा होऊन रस्त्यांत गेले असतील, याचा हिशेब कोण ठेवणार?

गारगोटीचा उपयोग मात्र या मुलखास फार पूर्वींपासून ठाऊक होता. शिरूर तालुक्यांत घोडनदीच्या कांठीं इनामगांव आहे. तेथें पुण्याच्या डेक्कन कॉलेजनें १९६८ पासून अनेक वर्षें उत्खनन केलें. इसवी सनापूर्वीं सुमारें १६०० ते ७०० या काळांत तेथें शेतकऱ्यांची वसाहत होती. तांबें त्यांना बाहेरून आणावें लागे, म्हणून तें जपून वापरलें जाई. रोजच्या कापण्याचिरण्याला गारगोटीच्या जातीच्या दगडाच्या बारीक पात्या असत. वसाहतींत कुंभार, सोनार यांच्याबरोबर चुना भाजणाऱ्याचेंहि घर होतें, आणि नदीचें पाणी वळविण्यासाठीं पाट व बांध घातलेला होता. धातु नाहीं, दगड पुष्कळ, पाणी अपुरें. तीन हजार वर्षांपूर्वींची ही स्थिति आजच्या शिरूरकरासहि परिचित वाटेल.

धातु कां नाहीं, हा प्रश्न साहजिक आहे. काळ्या कातळांत लोखंडाचा अंश बराच आहे; परंतु तो सगळीकडे सारखा पसरलेला, खाण करण्याजोगा एकत्र आलेला नाहीं. निसर्ग तो एकत्र आणतो, पण त्यास मुसळधार पाऊस हवा. सह्याद्रीच्या माथ्यावर पावसानें खडकांतील इतर द्रव्यें धुवून नेलीं आणि लोह व अल्युमिनम मागें राहून जांभा झाला. महाबळेश्वरच्या रानांत धावड लोक पूर्वीं या जांभ्यापासून लोखंड गाळीत, आणि कोल्हापूरच्या पश्चिमेस आज बॉक्साइटच्या खाणी आहेत. शिरूर-दौंडला वीस इंच पावसांत हें होत नाहीं. येथें उलट घडतें. खडकांतून सुटलेला चुना वाहून न जातां, पाणी आटलें कीं मातींतच गोळ्यागोळ्यांनीं बसतो. ती चुनखडी. जुने वाडे, घाट आणि देवळांच्या ओवऱ्या ज्या चुन्यानें बांधल्या, तो चुना भट्टींत हीच चुनखडी भाजून आणि बैलाच्या घाणींत मळून केलेला असे. सिमेंट आलें आणि ती घाणी बंद पडली.

काळ्या दगडाचें काम मात्र बंद पडलें नाहीं. घरोघरचे पाटे-वरवंटे आणि जातीं याच दगडाचीं. पाथरवट दगडावर हातोडी मारून आवाज ऐकतो, आणि मांजऱ्या दगडाला हात लावीत नाहीं. कारण त्याचे ठिपके पिठांत उतरतात. आगगाडीच्या रुळांखालचा खच, रस्त्याची खडी, इमारतीचा पाया, सर्व या थरांच्या घट्ट भागांतून येतें.

या घट्ट खडकाचें पाण्यानें काय होतें, हें पाहावयाचें तर शिरूर तालुक्यांतील टाकळी हाजी आणि पारनेर तालुक्यांतील निघोज यांच्या मधून वाहणाऱ्या कुकडीच्या पात्रांत उन्हाळ्यांत जावें. मळगंगेच्या देवळाजवळ नदीनें कातळांत खोल घळ पाडली आहे, आणि तींत रांजणासारखे शेंकडों खळगे आहेत. भोंवऱ्यांत सांपडलेला गोटा एकाच जागीं गरगर फिरत राहतो आणि खालचा खडक उगाळीत जातो. गोटा झिजून संपला कीं पुढच्या पुरांत दुसरा येतो. याच कुकडीच्या कांठीं, वरच्या अंगास जुन्नर तालुक्यांत, बोरी येथें ज्वालामुखीच्या राखेचा पांढुरका थर आहे. तो मात्र येथल्या ज्वालामुखीचा नव्हे. ती राख सुमात्रा बेटांतील टोबा येथून वाऱ्यानें आलेली आहे. बहुतेक शास्त्रज्ञ ती सुमारें ७४,००० वर्षांपूर्वींच्या महाउद्रेकाची मानतात. तिच्याबरोबर सांपडलेल्या दगडी हत्यारांवरून ती याहून फार जुनी असावी, असाहि एक पक्ष आहे.

खनिज म्हटलें म्हणजे सरकारदप्तरीं दगड, मुरूम आणि वाळू यांची नोंद होते. परंतु या दोन तालुक्यांचें खरें खनिज पाणी आहे. त्याचा साठा किती, तें खडकाच्या स्वभावावर ठरतें. शंभर घनफूट मुरूम व मांजऱ्या पाण्यानें पुरा भरलेला असला, तरी त्यांतून विहिरींत उतरणारें पाणी दोन-तीन घनफूटच. घट्ट पाषाणांतून तेवढेंहि नाहीं. चिरा असतील तेवढेंच. उलट नदीची शंभर घनफूट वाळू बारा ते वीस घनफूट पाणी देते. घोड आणि भीमा यांच्या पात्रांतील वाळू ही अशी आयती टांकी आहे. ती उपसून बांधकामास नेली, कीं कांठच्या विहिरी कां आटल्या हें विचारण्यास ज्योतिषाकडे जावें लागत नाहीं. ती परत भरूनहि लवकर येत नाहीं. काळा कातळ कुजला कीं त्याची बहुतांशी चिकणमाती होते, वाळू थोडी. आणि जी होते ती वरच्या धरणांच्या मागें अडकते.

मातीचीहि तीच कथा. दौंडच्या भीमाकांठची काळी जमीन या कातळाचीच झालेली. पाणी धरून ठेवण्यांत तिची बरोबरी नाहीं. पण कालव्याचें पाणी बेसुमार दिलें आणि निचरा ठेवला नाहीं, तर तिच्यांतील क्षार वर येऊन जमीन चोपण होते. उंसाच्या पैशाला भुलून झालेली ही हानि भरून येण्यास वर्षें लागतात.

विहीर आटली कीं हल्लीं विंधणयंत्र बोलावतात. दोनशें फूट कोरडें गेलें, तर तीनशें. तीनशें गेलें, तर त्याहून खालीं. आणि प्रत्येक फुटाला पैसा. खोल गेलें कीं पाणी लागलेंच पाहिजे, ही समजूत या मुलखांत कित्येकांना कर्जांत घालून गेली. पाणी खोलीनें वाढत नाहीं. तें थरांच्या सांध्यांत, मांजऱ्यांत आणि चिरांत असतें, आणि घट्ट पाषाण लागल्यावर शेंकडों फूट कांहींच न लागण्याचा संभव असतो. लागलेंच तरी तें बहुधा शेजाऱ्याच्या विहिरीच्या झऱ्याचेंच असतें. म्हणून यंत्र बोलाविण्यापूर्वीं जुन्या विहिरींत उतरून तिच्या भिंती वाचाव्या. मुरूम किती हात, मांजऱ्या किती, पाषाण कोठें सुरू झाला, तांबडा पट्टा दिसतो काय, आणि ज्येष्ठांत झरा कोणत्या पातळीवर पाझरतो, हें मोजून ठेवावें. सरकारची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निवडक विहिरींतील पाण्याची पातळी वर्षांतून चार वेळां मोजते. घरधन्यास आपल्या विहिरीसाठीं एक दोरी आणि एक वही पुरे.

ओढ्यावर बंधारा घालतांनाहि हीच परीक्षा उपयोगीं पडते. उघड्या घट्ट कातळावर बांधलेला बंधारा फाल्गुनापर्यंत तुडुंब दिसतो आणि पाहुण्यांस दाखविण्यास बरा; परंतु त्यांतलें पाणी खालीं उतरत नाहीं, वर उडून जातें. मुरूम-मांजऱ्यावर घातलेला बंधारा दिवाळीनंतर थोड्याच दिवसांत कोरडा पडतो, आणि बांधणाऱ्याच्या नांवानें गांव बोटें मोडतो. त्याच गांवांत, बंधाऱ्याच्या खालच्या अंगाच्या विहिरींवर चैत्रांतहि मोटा बंद झालेल्या नसत. आतां तेथें विजेचे पंप चालतात.