पेटीला वय विचारू नका

“आता काय पेटी शिकतीस? गौऱ्या मसणात गेल्या की!” बारामती-इंदापूरकडे साठीच्या बाईनं हार्मोनियमला हात लावला, की असं कुणीतरी बोलतंच. बोलणाऱ्याला एवढंच विचारावं, बाबासाहेब व्हायोलिन शिकले तेव्हा त्यांचं वय काय होतं?

जन्म १८९१ चा. साठीच्या आसपासचा तो काळ. मधुमेह, अधू होत चाललेली नजर आणि समोर लिखाणाचा डोंगर. तशात त्यांनी बळवंत साठे यांच्याकडून धडे घेतले. वाद्यही साधं नव्हे. व्हायोलिनला पडदे नसतात, बोट केसभर सरकलं की सूर बिघडतो. त्यांचं व्हायोलिन पुण्याला सिम्बायोसिसच्या स्मारकात आहे. मुलांना घेऊन जरूर पाहा.

पेटीचा सूर मात्र पट्टीखाली तयार असतो. डाव्या हातानं भाता, उजव्यानं बोटं. खुरपं धरून, ऊस तोडून ताठलेली बोटं सुरुवातीला ऐकत नाहीत. अनामिका तर उठतच नाही. सावकाश सारेगम घोळवलं की ती सैल होतात.

खरी फसगत निराळीच. शिकवणारा पुरुष आपल्या सोयीनं काळी एकमध्ये सा धरतो. बाईचा गळा त्यात घुसमटतो आणि बिचारी म्हणते, वयानं आवाज गेला. बाई, काळी चार किंवा पाच धरून बघा!

आणि विहारातल्या पेटीची किल्ली गायनपार्टीच्या पुरुषांकडे असेल, तर ती आधी मागून घ्या.