आधीं निदान, मग खर्च

आमच्या पुतण्याच्या छोट्या कारखान्यांतील संगणकनियंत्रित लेथ मध्यंतरीं वरचेवर बंद पडूं लागला. काम धरून फिरविणारा स्पिंडल वेग घेऊं लागला कीं यंत्र थांबे. त्यास वीज पुरविणारा ड्राइव्ह नवाच घ्यावा, असें सर्वांचें मत पडलें. घरांतील ठेव मोडण्यापर्यंत गोष्ट आली.

आम्हीं विचारिलें, “पडद्यावर काय उमटतें?”

“व्होल्टेज कमी आहे, असें. पण काका, मोजलें तर ४१५ भरतें!”

तें मोजमाप स्पिंडल उभा असतांनाचें होतें. वेग घेतांना यंत्र सर्वांत अधिक वीज ओढतें. वायरमनकडून त्या वेळीं मोजविलें, तों एका फेजचें व्होल्टेज एकदम उतरलें. आंत येणाऱ्या तारेचा स्क्रू सैल होऊन सांधा काळवंडला होता. वायरमननें टोंक नव्यानें कापून स्क्रू आवळतांच लेथ सुरळीत चालूं लागला.

वाचकांनीं एक मात्र विसरूं नये. मुख्य कळ बंद केल्यावरही अशा ड्राइव्हच्या कपॅसिटरांत सुमारें ५८० व्होल्टचा प्राणघातक साठा कांहीं मिनिटें टिकतो. दिवा विझून मीटरनें खात्री होईपर्यंत आंत हात घालूं नये. ठेव पुन्हां सांठवितां येते. गेलेला जीव परत येत नाहीं.